फाशावर ‘एक’ पडला, की रणगाडा रुतला!

एक छोटीशी क्विझ. पंचेचाळीस टनांचा रणगाडा आहे. अंगावर जाडजूड पोलाद, डोक्यावर तोफ. त्याला सगळ्यात जास्त धास्ती कशाची? समोरच्या रणगाड्याची? विमानाची? सुरुंगाची?

गेले सहा महिने मी ज्या मंडळींबरोबर रविवारची दुपार घालवतेय, त्यांचं उत्तर वेगळंच आहे. ‘उसाच्या शेताची,’ ते म्हणतात. ‘त्यातही आदल्या रात्री पाणी दिलेल्या.’

ही मंडळी म्हणजे दोन आयटीवाले, एक सीए आणि एक बँकेतली मॅनेजर. आठवडाभर तुमच्या-आमच्यासारखीच डेडलाइन, अप्रेझल आणि ट्रॅफिक यात पिचलेली. रविवारी मात्र डायनिंग टेबलवर सहा बाय चार फुटांचा प्लायवूड पडतो, त्यावर हिरवं कापड, कापडावर झाडं, घरं, रस्ते, नदी... आणि मग खोक्यांतून बाहेर येतात बोटाएवढे सैनिक आणि तळहातावर मावतील असे रणगाडे. टेबलटॉप मिनिएचर वॉरगेमिंग! नाव भारदस्त, फंडा सोपा. बुद्धिबळासारखं आळीपाळीने खेळायचं, पण चौकोन नाहीत. इंचाची टेप लावून मोजायचं आणि फासे टाकून निकाल लावायचा.

तसं आपल्याला हे अगदीच परकं नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो, अळीव पेरून हिरवळ उगवते, बाजारातून मावळे येतात, पायथ्याशी विहीर आणि शेतही असतं. फक्त एकदा ठेवलेला मावळा भाऊबीजेपर्यंत जागचा हलत नाही. वॉरगेममध्ये तो हलतो. आणि तो किती हलेल, हे तुमच्या मर्जीइतकंच त्याच्या पायाखालची जमीनही ठरवते. या जमिनीला खेळाच्या भाषेत म्हणतात ‘टेरेन’. आजचा कॉलम या टेरेनवर आणि त्यावरून जाणाऱ्या गाड्यांवर. कारण मला विचाराल तर सगळ्या खेळाचा जीव तिथेच आहे.

टाइम मशीनवाले आजोबा

आधी थोडा इतिहास, कंटाळू नका. गेऑर्ग फॉन राइसविट्झ या प्रशियाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने १८२४ मध्ये आपल्या युद्धखेळाचे नियम छापले. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची. खेळ नकाशावरचा, नकाशा १:८००० मापाचा, एक खेप म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटं. शिवाय मध्ये एक पंच. दोन्ही बाजूंना काय माहीत आहे आणि काय नाही, हे फक्त त्यालाच ठाऊक. हा पंच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी (हो, ‘टाइम मशीन’वालेच!) ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक काढलं आणि खेळण्यातल्या सैनिकांना नियम लावून दिले. पायदळाने एका खेपेला एक फूट जायचं, घोडदळाने दोन फूट. त्यात रणगाडा नाही, कारण रणगाडा जन्मायचाच होता. तो रणांगणावर उतरला १५ सप्टेंबर १९१६ ला, सोमच्या लढाईत. आणि गंमत बघा, पहिल्याच दिवशी कित्येक गाडे शत्रूपर्यंत पोचण्याआधीच खड्ड्यांत अडकले, नाहीतर बंद पडले. म्हणजे रणगाडा आणि रुतणं ही जोडी पहिल्या दिवसापासूनची!

बंदी, जुगार आणि दुर्लक्ष

खेळ लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न कसा सोडवला? माझ्या हिशेबाने तीन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा बंदीची. ‘बोल्ट अ‍ॅक्शन’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा खेळ २०१२ मध्ये आला. त्याच्या २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हिशेब असा होता : पायदळ सावध चालीने ६ इंच, धावत १२. पट्ट्यांवर चालणारा रणगाडा ९ आणि १८. चाकांचा ट्रक १२ आणि २४. म्हणजे ट्रक जास्त फास्ट. वा! पण ओबडधोबड जमीन लागली की चाकांना प्रवेशच नाही. पट्टेवाला रणगाडा शिरू शकतो, पण धावू शकत नाही. उलट रस्त्यावरून धावलात तर अंतर दुप्पट. आता जरा गणित करा. रस्त्यावर ट्रक एका खेपेत ४८ इंच, म्हणजे सहा फुटी टेबलाचा दोन तृतीयांश भाग पार. तोच ट्रक झाडीसमोर शून्य. अशा वेळी रस्ता म्हणजे नुसती करडी पट्टी राहत नाही, तो जीव की प्राण होतो. आणि शत्रूलाही ते पक्कं माहीत असतं, त्यामुळे त्याची तोफ रस्त्याकडेच तोंड करून बसलेली असते.

दुसरी तऱ्हा जुगाराची. ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा दूरच्या भविष्यातला खेळ. त्याच्या २००८ च्या पाचव्या आवृत्तीत कोणताही रणगाडा जंगलात किंवा पडझडीत घुसू शके. पण घुसलात की एक फासा टाका. दोन ते सहा, जा पुढे. एक आला, गाडी जागीच अडकली, गेम संपेपर्यंत ती तिथेच. ‘फ्लेम्स ऑफ वॉर’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या खेळाने २०१७ च्या चौथ्या आवृत्तीत याला आणखी धार लावली. तिथे प्रत्येक गाडीच्या कार्डावर ‘क्रॉस’ नावाचा आकडा छापलेला. अवघड जमीन लागली की फासा टाकायचा आणि तेवढा किंवा त्याहून मोठा आकडा आणायचा. नाही आला, तर त्या खेपेला तिथेच थांबा. शिवाय वेगही वेगवेगळे : मोकळ्या रानात एक, रस्त्यावर दुसरा, झाडीत तिसरा. म्हणजे तुमची गाडी ‘फास्ट’ आहे का, या प्रश्नाला अर्थच नाही. कुठे फास्ट, ते विचारा.

तिसरी तऱ्हा दुर्लक्षाची. त्याच ‘वॉरहॅमर’ने २०१७ च्या आठव्या आवृत्तीत नियमांची मोठी साफसफाई केली आणि तो ‘एक पडला की अडकला’ प्रकार मूळ नियमांतून काढून टाकला. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत पडक्या इमारतींच्या भिंतींतून पायदळाला आरपार जायची मुभा होती, रणगाड्याला मात्र वळसा. पण गाडी आत शिरली आणि गोत्यात आली, ती धाकधूक काही परत आली नाही.

सहातला एक म्हणजे किती?

‘सहातला एक चान्स, त्यात काय एवढं!’ असं कोणालाही वाटेल. सीए मित्राने मला टिश्यू पेपरवर हिशेब मांडून दाखवला. एक रणगाडा, एक झाडी : अडकण्याची शक्यता साधारण १७ टक्के. ठीक. तीन रणगाडे नेलेत, तर त्यातला निदान एक तरी अडकण्याची शक्यता ४२ टक्के. सहा नेलेत तर ६६ टक्क्यांच्या वर! म्हणजे जितकी मोठी फौज तुम्ही शॉर्टकटने न्याल, तितकी ती विस्कटण्याची खात्री जास्त. एक मागे राहिला की बाकीच्यांनी थांबायचं की पुढे जायचं? थांबलात तर वेळ गेला, गेलात तर ताकद कमी झाली. ज्यांनी ऑफिसमध्ये कधी एखादी टीम हाकली आहे, त्यांना यावर जास्त सांगायला नको.

फासा इथे नशीब ठरवतो असं आपण म्हणतो. मला तसं वाटत नाही. फासा नंतर येतो. त्याआधी रस्ता की रान, ही निवड तुम्हीच केलेली असते.

पेन्सिल हील आणि टायगर

आता मुलींना पटकन कळेल असं उदाहरण. लग्नाचं रिसेप्शन लॉनवर. तुम्ही पेन्सिल हील घातल्यात. पाऊल टाकलं की टाच आत! शेजारून तुमच्या दुप्पट वजनाचे काका सपाट कोल्हापुरीत आरामात चालत जातात. वजन नव्हे, वजन किती जागेवर पडतंय ते महत्त्वाचं.

रणगाड्यांचंही तेच. जर्मन टायगर सुमारे ५७ टनांचा. पण त्याचे पट्टे ७२ सेंटिमीटरच्या वर रुंद, त्यामुळे जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. अमेरिकन शर्मन जवळपास निम्म्या वजनाचा, पण पट्टे ४२ सेंटिमीटरचे. दाब? जवळपास तेवढाच! म्हणून तर १९४४ च्या अखेरीस अमेरिकनांनी शर्मनच्या पट्ट्यांच्या कडेला जास्तीचे लोखंडी तुकडे जोडून ते रुंद करायला घेतले. रशियन टी-३४ चे पट्टे अर्धा मीटर रुंद आणि वजन टायगरच्या साधारण निम्मं, त्यामुळे चिखलात तो सगळ्यांत सुखी. कार्डावर छापलेला एक छोटासा आकडा, पण त्याच्यामागे रशियातला हेमंतातला चिखल उभा असतो.

झुडपांचंही तसंच. टेबलावर कोणी कुंपणासाठी हिरव्या स्पंजची लांब पट्टी ठेवली, की नवा भिडू हसतो. ‘रणगाडा कुंपणाला कशाला घाबरेल?’ पण फ्रान्समधल्या नॉर्मंडीचं कुंपण म्हणजे शेकडो वर्षांचा मातीचा बांध, त्यात मुळांचं जाळं, वर दाट झाडी. शर्मन त्यावर चढला की नाक आभाळाकडे आणि पोटाचं पातळ पोलाद शत्रूच्या समोर. १९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकन फौज तिथे अडकून पडली. मग कर्टिस क्युलिन नावाच्या सार्जंटचं नाव झालं. जर्मनांनीच किनाऱ्यावर रोवलेल्या लोखंडी अडथळ्यांचे दात करून रणगाड्याच्या पुढे लावायचे, आणि बांधावर चढायचं नाही, तो फोडून आरपार जायचं! जुलै १९४४ मधल्या ‘कोब्रा’ मोहिमेच्या आधी असे दात कितीतरी रणगाड्यांना बसवले गेले. जमिनीचा नियम बदलत नाही म्हटल्यावर त्यांनी गाडी बदलली.

पंच मॅडम

आता आमच्या रविवारकडे येते. गेल्या महिन्यात ठरलं, परदेशातल्या लढाया बस झाल्या, असल उत्तर खेळायचं.

सप्टेंबर १९६५. पंजाबातला खेमकरण भाग. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे घेऊन पुढे सरकत होती. आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चेबांधणी केली. सेंच्युरियन आणि शर्मन उंच उसात दडवले, तोफा लपवल्या आणि कालव्याचं पाणी शेतांत सोडून दिलं. ८ ते १० सप्टेंबर, तीन दिवस. पॅटन आले, चिखलात मंदावले, रुतले, आणि ठरलेल्या टप्प्यात सापडले. भारतीय नोंदींनुसार ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. पकडलेले रणगाडे नंतर भिखीविंडजवळ रांगेने उभे केले, त्या जागेला लोक ‘पॅटन नगर’ म्हणू लागले. याच लढाईत अब्दुल हमीद चिलखत नसलेल्या जीपवरच्या तोफेतून उसाच्या आडोशाने पॅटन टिपत राहिले. १० तारखेला ते पडले. मरणोत्तर परमवीर चक्र.

प्रश्न असा, की हे टेबलावर आणायचं कसं? पाणी सोडलेल्या शेतात किती आकड्याला रुतायचं? फक्त ‘एक’ला म्हटलं, तर इतिहास खोटा पडतो. एक, दोन, तीन असं ठेवलं, तर पॅटनवाल्याने खेळायचंच कशाला? त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस घमासान झालं. शिवाय खरी अडचण वेगळीच. खेळणाऱ्या सगळ्यांना लढाई पाठ. शेतात पाणी आहे हे माहीत असताना तिथे जाईल कोण?

उपाय काढला बँकवालीने, तोही १८२४ सालचा. पंच! आणि पंच कोण, तर मी. (‘अगं, तुझी कोणतीच बाजू नाही ना, म्हणून.’) टेबलावर बारा शेतं. बारा पाकिटं. कोणत्या सातांत पाणी आहे, ते फक्त मला माहीत. कोरड्या उसात ‘एक’ला रुतायचं, पाणी असेल तर एक, दोन, तीनला. रणगाडा शेतात शिरला की मी पाकीट उघडणार.

पॅटन होते आमच्या इंजिनीअर मित्राकडे, एकूण नऊ. त्याने शहाण्यासारखा रस्ता धरला. दोन खेपांत रस्त्यावरचे पुढचे दोन पॅटन जळाले, कारण रस्त्यावर कोणाचा नेम आहे हे त्याला दिसतच नव्हतं. मग त्याने पाच रणगाडे डावीकडे वळवले, उसात. मी पाकीट उघडलं. पाणी. त्याने पाच फासे टाकले : दोन, पाच, एक, तीन, सहा. तीन रुतले. उरलेले दोन पुढे गेले ते थेट सेंच्युरियनच्या तोंडावर.

‘हे चीटिंग आहे यार,’ तो वैतागला. ‘निदान आधी सांगायला तरी हवं होतं!’

बँकवाली आपला सेंच्युरियन हलवत होती. वरही न बघता म्हणाली, ‘त्यांना कुणी सांगितलं होतं?’

पुढचं अर्धं मिनिट कोणीच काही बोललं नाही.

आम्ही रुतलेल्या रणगाड्याशेजारी ओळखीसाठी कापसाचा बोळा ठेवतो. त्या दिवशी तीन बोळे होते. खऱ्या पॅटनमध्ये चार-पाच माणसं असायची, आमच्याच वयाची किंवा आमच्याहून लहान. गाडी सुस्थितीत, तोफ सुस्थितीत, आणि खाली पाय धरून ठेवणारी जमीन. आणि त्या पलीकडे ज्याचा उभा ऊस त्या पाण्यात आणि पट्ट्यांखाली गेला, तो शेतकरी. तो तर आमच्या कोणाच्याच खोक्यात नव्हता. फाशावरचा आकडा म्हणजे नुसता आकडा नाही, हे मला कोणत्याही रूलबुकने सांगितलं नसतं.

मग कोणता नियम बरा?

चहाबरोबर हाच वाद रंगला. इंजिनीअर ठामपणे नव्या पद्धतीच्या बाजूचा. ‘आठवडाभर माझे प्रोजेक्ट अडकलेलेच असतात. रविवारी तरी रणगाडा चालू दे ना!’ मुद्दा अगदीच चुकीचा नाही. आठवडाभर रंगवलेली महागाची गाडी पहिल्याच फाशाला अडकून तीन तास शोपीस झाली, तर वैताग येणारच. नियम कमी असले की गेम लवकर संपतो, नवे भिडू टिकतात.

पण मी दुसऱ्या बाजूची. जमिनीला किंमत नसेल, तर रस्त्यालाही किंमत नाही, पुलालाही नाही, आणि उसात दडून बसायलाही काही अर्थ नाही. उरतं ते एवढंच, की कोणाची तोफ मोठी. मोठी तोफ पैशाने घेता येते. कोणत्या शेतात शिरायचं नाही, ही अक्कल पैशाने येत नाही. आणि असल उत्तरला तीच अक्कल जिंकली होती.

ट्राय करायचंय?

० खेळ सुरू करण्याआधी पाच मिनिटं टेबलाभोवती एक चक्कर मारा आणि प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून ठरवा : ही झाडी चाकांना बंद? हा ओढा उतारावरून पार होतो? हे कुंपण साधं की नॉर्मंडीचं? निम्मी भांडणं इथेच मिटतात.

० टेरेनवर खर्च नको. टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल म्हणजे टेकडी, जुन्या पायपुसण्याचा काथ्या म्हणजे पिकलेलं शेत, भांडी घासायचा हिरवा स्क्रबर म्हणजे कुंपण. रस्त्याला सँडपेपरची पट्टी झकास.

० रस्ते आणि रान, दोन्ही ठेवा. टेबल नुसतं मोकळं असेल तर तोफवाला जिंकतो, नुसती झाडी असेल तर गाड्या खोक्यातच बऱ्या.

० एखादा वीकएण्ड मोकळा असेल, तर अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर) जाऊन या. पुण्याहून साधारण १२० किलोमीटर. लष्कराचं कॅव्हलरी टँक म्युझियम तिथे १९९४ पासून आहे. सेंच्युरियन आहे, पॅटन आहे, कितीतरी जुने गाडे आहेत. निघण्याआधी वेळा विचारून घ्या. तोफेसमोर उभं राहून फोटो सगळेच काढतात. तुम्ही जरा खाली वाका, आणि पट्ट्यावर आपली वीत ठेवून त्याची रुंदी मोजा.